सतरा गाठींचं जाळं

मोन्तेविदेओ, ९ सप्टेंबर १९९६

प्राध्यापक ओर्तेन्सिया ओलासाबाल, बुएनोस आयरेस, यांस सप्रेम नमस्कार.

पूर्वतट गणित मंडळाच्या सभासद-पत्रिकेकडे एक छोटा लेख आला आहे. लेखिका निबिया सोसा आमच्या विद्यापीठात पीएच.डी. करतात. आपल्या १९६६ सालच्या त्रिरंग प्रमेयाच्या सिद्धतेत एक खिंडार आहे असा त्यांचा दावा आहे. असा दावा आला की छापण्याआधी मूळ लेखकाला कळवायचं आणि उत्तरासाठी सहा आठवडे थांबायचं, ही पत्रिकेची जुनी प्रथा आपल्याला माहीत आहेच. दाव्याचा सारांश संपादकाने स्वतःच्या शब्दांत द्यावा असाही नियम आहे, म्हणजे संपादकाने लेख नुसता चाळलेला नाही हे दिसतं. तेव्हा देते.

गाठी आणि त्यांना जोडणारे दोरे मिळून एक जाळं. आपलं प्रमेय म्हणतं की एका ठरावीक जातीच्या जाळ्यातल्या सगळ्या गाठी तीनच रंगांत रंगवता येतात, आणि तरीही एका दोऱ्याने जोडलेल्या दोन गाठींना एकच रंग येत नाही. सिद्धतेची रीत अशी : जाळ्यातली एक गाठ काढायची, उरलेलं लहान जाळं रंगवायचं, मग ती गाठ परत लावायची. यासाठी उरलेलं जाळंही त्याच जातीचं असावं लागतं. तशी एक तरी गाठ नेहमी सापडते, असं आपलं चौथं उपप्रमेय सांगतं. तिथे कारण म्हणून आपण दोनच शब्द लिहिले आहेत : ‘उघडच आहे.’

श्रीमती सोसा यांनी सतरा गाठींचं एक जाळं काढलं आहे. त्यातली कुठलीही गाठ काढा, जात मोडते. मी सतराही काढून पाहिल्या. आकृती सोबत जोडली आहे.

प्रमेय खोटं ठरलेलं नाही. त्याची सिद्धता मात्र उरलेली नाही.

डिसेंबरचा अंक प्रमेयाच्या तिसाव्या वर्षानिमित्त आपल्या गौरवाचा आहे आणि त्याच महिन्याच्या सभेत आपल्याला मानद सभासदत्व द्यायचं ठरलं आहे, याची मला जाणीव आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते.

हे पत्र संपादकाचं आहे. बहिणीच्या पत्रांना उत्तर द्यायचं बंधन नसतं, ते गेल्या सहा वर्षांत मी शिकले. संपादकाच्या पत्राला असतं.

आपली,
ब्रिखिदा ओलासाबाल
संपादक


मोन्तेविदेओ, २७ सप्टेंबर

ओर्तेन्सिया,

पोचपावती आली. सही तुझीच आहे, शेवटच्या अक्षराची शेपटी अजून तशीच पार कागदाबाहेर जाते. म्हणजे पाकीट हातात पडलं आणि तू गप्प बसलीस. फोन केला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. तेव्हा ‘आपण’ बिपण आता पुरे.

काल रादामेस पिन्तोस माझ्या खोलीत आला होता. मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून तो दार वाजवत नाही, खाकरतो. नेहमीसारखी काखेत गरम पाण्याची बाटली, हातात येर्बाच्या कडू चहाचा पोकळ भोपळा. बसला, घोट घेतला, मला दिला, आणि मग हळूच विषयाला हात घातला.

“ब्रिखिदा, त्या सोसाबाईंचं ते जाळं मार्चच्या अंकात छाप ना. घाई काय आहे?”

“घाई तिला आहे. रिओची शिष्यवृत्ती हवी असेल तर वर्ष संपायच्या आत लेख छापून दाखवायचाय.”

“अगं, पण सत्काराच्या अंकात सत्कारमूर्तीचीच चूक? नवरीच्या पंगतीत कुणी तिच्या घराण्याची उणीदुणी काढतं का?”

“मग पंगत पुढे ढकल.”

“हॉलचं ठरलंय, मंत्र्यांचं ठरलंय. आणि खरं सांगू, लोक काय म्हणतील? धाकटीने थोरलीचं उट्टं काढलं म्हणतील.”

मी भोपळा त्याच्या हातात परत दिला आणि ‘धन्यवाद’ म्हटलं. आपल्याकडे याचा अर्थ आता मला नको असाच होतो. त्याला कळलं. उठता उठता म्हणाला, “तुझी बहीण येतेय, पण हॉटेलात उतरणार म्हणते. माझ्याकडे बंदरासमोर दोन खोल्या रिकाम्या आहेत हे तिला माहीत आहे, तरीसुद्धा.”

त्याच्याकडे दोन खोल्या आहेत! माझ्याकडे आईची अख्खी खोली आहे, हे त्याला सुचलं नाही. तुलाही सुचलं नसावं.

मला एवढंच हवंय की तू एक ओळ लिही. ‘मुलीचं बरोबर आहे’ म्हण. नाहीतर ‘मुलगी गाढव आहे, हे बघ कारण’ म्हण. तुला न विचारता मी छापलं असं मला व्हायला नको आहे, आणि तुला विचारत बसले म्हणून एका पोरीचं वर्ष गेलं असंही नको.

ब्रिखिदा


१४ ऑक्टोबर

ओर्तेन्सिया,

निबिया सोसा आज भांडून गेली. तुला ही बाई भेटायला हवी. रिवेराची, ब्राझीलच्या सीमेवरची. रागावली की अर्धं पोर्तुगीज बोलते आणि च्युइंगम चघळत समीकरणं लिहिते. माझ्या टेबलावर चढूनच बसली.

“ब्रिखिदाबाई, सरळ सांगा. छापताय की झाकताय?”

“सहा आठवडे अजून झालेले नाहीत.”

“माझ्या जाळ्यात चूक आहे का?”

“नाही.”

“मग थांबलोय कशासाठी? तुमची बहीण आहे म्हणून?”

“कुणाचीही बहीण असती तरी थांबले असते.”

“हो, पण कुणाच्याही बहिणीसाठी तुम्ही अशा दिसला नसता. आरशात बघा. आणि ते पुठ्ठे काय आहेत?”

पुठ्ठे पावाच्या दुकानातले होते, बिस्किटांच्या खोक्यांचे, आणि त्यांच्यावर मागे-पुढे सगळीकडे जाळी काढलेली. तिने एक उचलला, बघितला आणि तिचा राग एकदम ओसरला. “तुम्ही हिचं प्रमेय वाचवताय,” ती म्हणाली. मी म्हटलं, प्रमेयाला बिचाऱ्याला काय माहीत ते कुणाचं आहे. ती हसली आणि टेबलावरून उतरली.

आता तुला सांगायला हरकत नाही. महिनाभर मी दुसरं काही केलेलं नाही. बसमध्ये जाळं मांडत बसले आणि थेट शेवटच्या थांब्याला, कारास्कोपर्यंत गेले, तिथून चालत परत. किटलीतलं पाणी आटून बूड काळं झालं. छापखान्यातल्या आबायुबांचा फोन आला की तिसऱ्या पानाच्या समासात तुम्ही काहीतरी चित्रं काढून पाठवलीत, तीही जुळवायची का. वर्गात पोरांनी विचारलं, बाई, बरं वाटत नाहीये का. मला बरं वाटत नाहीये. तुझ्या ‘उघडच आहे’ने माझी झोप आणि भूक दोन्ही नेल्यात, आणि तू नदीच्या पलीकडच्या काठावर मजेत आहेस.

मजेत आहेस ना? की तूही तेच करते आहेस? मला काहीच कळत नाही, आणि त्याचाच जास्त वैताग येतो.

ब्रिखिदा


२ नोव्हेंबर

ओर्तेन्सिया,

आज मृतांचा दिवस म्हणून आईकडे जाऊन आले. कार्नेशन नेले होते. वारा एवढा होता की दोनदा गोळा करून परत ठेवावे लागले, शेवटी फुलदाणीत दगड भरले. दोन बायका शेजारच्या थडग्यापाशी बोलत होत्या. एक म्हणाली, “ही इथे दर वर्षी एकटीच येते.” मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

सहा आठवडे केव्हाच संपले, वर आणखी दिवस गेले. मी ठरवलंय. निबियाचा लेख डिसेंबरच्या अंकात जाणार. रादामेसला सांगितलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “तू मला तोंडघशी पाडतेस,” म्हणाला. मी म्हटलं, संपादक बदल, ते तुझ्या हातात आहे. छापखान्यात गेलेली पानं नाहीत.

हे तुला परस्पर अंक उघडून कळू नये म्हणून आधी सांगते आहे. कुणी म्हणेल मी सूड घेतला. तू तसं समजू नकोस, किंवा समज, मला आता थकवा आलाय.

पण एक सांगते. ‘उघडच आहे’ हे शब्द मी पहिल्यांदा तुझ्या सिद्धतेत वाचले नाहीत. आई पडली तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, “मी इकडे, तू तिकडे. आईला तूच बघणार, ते उघडच आहे.” तेव्हाही तू कारण दिलं नव्हतंस, आणि मी मागितलं नव्हतं. चार वर्षं मी तिला उचललं, पुसलं, भरवलं. मला ते जड गेलं असं मी म्हणत नाही. गेलंच जड, म्हणते. आणि ती गेली त्या दिवशी तू आली नाहीस. बोटी बंद होत्या, तू म्हणालीस. विमानं चालू होती, मी म्हणाले. त्यानंतर आपण बोललो नाही.

बाकी या पाकिटात पुरवणी म्हणून एक पान घातलंय. ते बहिणीचं नाही, संपादकाचंही नाही. मी अडकलेय. एकच गाठ काढली तर जात मोडते, म्हणून मी दोन गाठी एकदम काढून पाहिल्या, एकमेकींना न जोडलेल्या, पण दोघींची मिळून एक शेजारीण असलेल्या. त्या काढल्या की जात टिकते! सगळ्या जाळ्यांत टिकते, सिद्ध केलंय, तपासून घे. पण रंगवून झाल्यावर त्या परत लावायला गेले की मधल्या शेजारणीशी रंग जुळत नाही. नऊ प्रकारे पाहिलं. तू अशा जागी काहीतरी करायचीस, मला आठवतंय तू करायचीस, पण काय ते आठवत नाही.

पुढचं मला येत नाही.

ब्रिखिदा


१२ नोव्हेंबर

तेंचा,

तुझं घरचं नाव सहा वर्षांनी लिहितेय. तू फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि उभ्याउभ्याच अर्धा पाव संपवला. आपलं बोलणं लिहून ठेवते, कारण माझ्या डोक्यात ते आताच इकडचं तिकडे व्हायला लागलंय.

सकाळी फोन वाजला. मी ‘हॅलो’ म्हटलं आणि सहा वर्षांनी माझ्या बहिणीचे पहिले शब्द होते :

“काढतेस कशाला?”

“कोण बोलतंय?” मी म्हटलं. मला कळलं होतं कोण ते.

“त्या दोन गाठी काढतेस कशाला गं? चिकटव. दोघी मिळून एक कर. जाळं लहान झालं की नाही? रंगव. मग दोघींना सोडव. दोघींना एकच रंग येईल, आणि चालेल, कारण त्यांच्यामध्ये दोरा नाहीये. तुझी ती मधली शेजारीण आपोआप सुटते.”

मी पेन्सिल शोधत होते. सापडेना. लिपस्टिकने भिंतीवरच्या कॅलेंडरवर काढलं. चिकटवलं, रंगवलं, सोडवलं.

“जात?” मी विचारलं.

“जात तूच टिकवलीस, तुझ्या पानावरचा युक्तिवाद चिकटवल्यावरही तसाच लागू पडतो. तो भाग मला सुचला नव्हता. सप्टेंबरपासून डोकं फोडतेय.”

“सप्टेंबरपासून? मग एक ओळ लिहायला काय झालं होतं?”

“काय लिहू? चूक आहे हे मला ती आकृती बघून जेवायच्या आत कळलं. तीस वर्षं लोकांनी माझ्या नावाने ते प्रमेय वापरलंय. मी तुला लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं.”

“माझी पत्रं वाचलीस?”

“नाही. आकृत्या बघितल्या.”

“तेंचा!”

“काल वाचली. सगळी एकदम. त्या मुलीचा लेख पहिल्या पानावर जाऊ दे, आपलं मागे.” माझ्या बाजूला खालच्या मजल्यावरचा रेडिओ चालू होता आणि तुझ्या बाजूला बहुतेक ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. मग तू विचारलंस, “आई शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली होती का?”

आणि मी काय केलं? मी म्हटलं, “दूध उतू जातंय.” चुलीवर दूध नव्हतं. तू म्हणालीस, “बरं,” आणि ठेवलास.

त्या प्रश्नाचं उत्तर मी या पत्रातही देत नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडला. आधी सोपं ते सांगते. निबियाला दुरुस्ती दाखवली. तिने च्युइंगम कागदात गुंडाळलं, म्हणजे गंभीरपणे वाचते आहे, आणि शेवटी म्हणाली, “हे चालतं. देवा रे, हे चालतं! पण माझा लेख आधी हं.” तुझाही तोच निरोप मी तिला सांगितला, की पहिल्या पानावर तिचा लेख, आपली दुरुस्ती मागे. तिला खरं वाटेना. “त्यांनी असं म्हटलं? स्वतःहून?” मला म्हणाली, तुमची बहीण अगदीच काही वाईट नाही. मी म्हटलं, वाईट आहे, पण गणितात नाही.

दुरुस्तीचा मसुदा तू लिही. तुझं सुटसुटीत लिहिणं मला जमत नाही.

ब्रिखिदा


३ डिसेंबर

तेंचा,

मसुदा मिळाला. संपादक या नात्याने शेरे देते.

पान एक : ‘ओलासाबाल भगिनी’ असं मी छापणार नाही, आपण सर्कशीत नाही आहोत. दोन नावं स्वतंत्र जातील, रोमन वर्णक्रमाने, म्हणजे माझं आधी. पूर्वी तुला याचा राग यायचा. आता सहन कर.

पान एक, तळटीप : ‘ही चूक निबिया सोसा यांनी दाखवून दिली, आणि ती माझी आहे.’ हे वाक्य वाचून मी खुर्ची मागे सरकवून उठले आणि खिडकीपाशी गेले. एक अक्षर बदललेलं नाही. रादामेसला मुद्रित दाखवलं तर तो म्हणाला, “हे भाषणातही म्हणणार का ती? मंत्र्यांसमोर?” मी म्हटलं, फळा मागवून ठेव, आकृतीही काढेल. बिचारा लगेच फळ्याची व्यवस्था बघायला गेला. निबियाला रिओहून होकार आला, हेही तुला सांगायचं राहिलं. ती सभेला पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि बहुधा शिट्टी वाजवणार आहे.

पान दोन, ओळ नऊ : तू परत लिहिलं आहेस, ‘चिकटवल्यावरही जाळं जोडलेलंच राहतं, हे उघडच आहे.’ मी ते कापलंय. कारण लिही. तीन ओळींत होईल. या पत्रिकेत आता काहीही उघड नाही.

हे झालं संपादकाचं. आता उत्तर देते, कारण तू विचारलंस आणि मी दुधाचं निमित्त केलं.

आई शेवटच्या हिवाळ्यात खिडकीपाशी असायची. तिथून बंदराच्या माल उचलणाऱ्या याऱ्या दिसतात, तुला आठवत असेल. संध्याकाळ झाली की ती विचारायची, “बोट लागली का?” पहिल्यांदा मी म्हटलं, कुठली बोट? ती म्हणाली, “तेंचाची.” जणू मीच वेडी. मग मी म्हणायला लागले, “आज धुकं आहे आई, बोटी बंद आहेत.” ती म्हणायची, “मग उद्या येईल. चादरी बदलून ठेव.” आणि मी बदलायचे. रोज नव्हे, पण बदलायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच, बोट लागली का. परत मी धुकं. हिवाळाभर मी त्या नदीवर धुकं पाडत होते. तिने एकदाही तुला बोल लावला नाही, तो धुक्याला लावला. बाहेर लख्ख ऊन असायचं, तरी तिने ते मान्य केलं. हे मी तुझ्यासाठी केलं की तिच्यासाठी ते मला माहीत नाही.

आणि मग ती गेली, आणि तू फोनवर म्हणालीस, बोटी बंद आहेत.

माझंच वाक्य. आईला सांगून सांगून झिजलेलं. ते तुझ्या तोंडून ऐकलं आणि मला वाटलं तू माझ्या तोंडावर दार आपटलंस. त्या दिवशी खरंच वादळ होतं, नंतर मी वर्तमानपत्रात वाचलं. बंदर बंद होतं. विमानं चालू होती, हे मात्र मी अजून म्हणते.

तर तिने तुझ्याबद्दल काय म्हटलं ते हे. मला ते सांगायचं नव्हतं, कारण थोडक्यात सांगितलं तर ते तुला फार लागेल, आणि सविस्तर सांगितलं तर मला.

रादामेसने हॉटेलाची खोली ठेवली आहे. राहायचं तर राहा. आईच्या खोलीची खिडकी मी या आठवड्यात धुतली, पलंगावर चादर बदलली. ते मी सवयीने करते, त्याचा अर्थ लावू नकोस.

शुक्रवारी तू येशील, हे उघड

नाही. हेही कापते. मी संध्याकाळी धक्क्यावर उभी राहीन. धुकं असलं तरी. बोट लागली की बघेन.

तुझी,
ब्रिखिदा